पन्नास वर्षांचा शेरा

त्या वर्षी मी गावच्या सार्वजनिक लायब्ररीत आठवड्यातले तीन दिवस फुकट काम करत होते. फुकट, कारण पगारी काम करायची मला मुभाच नव्हती. नवरा इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरमध्ये इंजिनियर, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली. नागपूरला जिल्हा कोर्टात नऊ वर्षं वकिली केली होती. इथे तिचा उपयोग एवढाच, की कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बसून लोकांना ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. स्वतःच्या वर्क परमिटचा अर्ज टाकून अकरा महिने झाले होते आणि रोज सकाळी चहाबरोबर त्याचं स्टेटस बघायचं मी नुकतंच सोडून दिलं होतं.

एका मंगळवारी एक उंच, कृश, काळे गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. शर्टाला कडक इस्त्री, हातात झिपवाली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात एकच पिवळट कागद.

"हा कागद स्कॅन करायचा आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही तो वाचायचा नाही."

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. मला मात्र ते सगळं मराठीतच आठवतं.

मी "बरं" म्हटलं आणि कागद मशीनवर पालथा ठेवला. पण वकिलाच्या डोळ्यांना काही सांगून उपयोग नसतो. स्क्रीनवर कागद उमटला तेवढ्यात मी वाचून टाकला. लष्करातून सुटताना शिपायाला मिळतो तो डिस्चार्जचा कागद होता. नाव, हुद्दा, व्हिएतनाममध्ये काढलेले महिने, जखमी झाल्याबद्दल मिळालेलं पदक. आणि खाली, सेवेचा प्रकार या रकान्यात, एकच शब्द: अनडिझायरेबल. नकोसा.

आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की पुढचीचं नाव नकुशा ठेवायचे. अशी एक नकुशा नाव बदलण्याचं प्रतिज्ञापत्र करायला माझ्याकडे कोर्टात आली होती. दोन पोरांची आई, चाळिशीची बाई. सही करताना ती एवढंच म्हणाली होती, "आता पोरीचं लग्न ठरतंय, पत्रिकेत असं नाव बरं दिसत नाही." त्या दिवशी लायब्ररीत मला ती बाई आठवली.

पुढच्या मंगळवारी ते गृहस्थ परत आले. समोर बसले आणि म्हणाले, "वाचलात ना?"

"हो. सॉरी."

"मग माझं निम्मं काम झालं. मला ते तोंडानं सांगावं लागणार नाही."

मी त्यांना सर म्हणायचे. मनात मात्र काकाच म्हणायचे, आणि इथे लिहितानाही तेच म्हणते. मी वकील होते हे कळल्यापासून ते मला कौन्सेलर म्हणू लागले. इथल्या कोर्टात वकिलाला तशीच हाक मारतात. तीन वर्षांत इथल्या कुणी मला माझ्या पेशानं हाक मारली नव्हती. मी सांगितलं की इथे मला वकिली करायचा परवाना नाही, मी फक्त टाइप करून देऊ शकते. ते म्हणाले, "कौन्सेलर, टाइप करणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलं होतं. या वेळी टाइप करणारा माझ्या बाजूचा असू दे."

मग त्यांनी सांगितलं. एका दिवसात नाही, चार-पाच मंगळवार मिळून.

अठरा पूर्ण झाले आणि त्यांनी लष्करात नाव घातलं. व्हिएतनामला तेरा महिने पाठीवर रेडिओ घेऊन चालले. एकदा तोफगोळ्याचे तुकडे खांद्यात घुसले. बरे झाल्यावर राहिलेली मुदत पुरी करायला त्यांना जर्मनीतल्या एका छावणीत पाठवलं. तिथे बराकीच्या टोकाला, न्हाणीघराच्या दाराशेजारी, काही गोऱ्या शिपायांनी दक्षिणेचा जुना झेंडा टांगला होता. गुलामगिरी टिकावी म्हणून जी राज्यं देशातून फुटून लढली, त्यांचा झेंडा. रोज सकाळी दात घासायला जाताना काकांना त्याच्याखालून जावं लागे.

"मी सार्जंटकडे तीन वेळा गेलो," ते म्हणाले. "तो म्हणाला, शोभेची वस्तू आहे, मनावर घेऊ नकोस. त्याच आठवड्यात त्यानं माझ्या मनगटातलं कडं कापायला लावलं. बुटाच्या नाड्यांचं विणलेलं कडं होतं. आम्ही काळी पोरं एकमेकांना विणून द्यायचो. माझं ज्यानं विणलं, तो व्हिएतनाममधून परत आला नाही. सार्जंट म्हणाला, हे नियमात बसत नाही."

एका रविवारी दुपारी बराक रिकामी असताना काकांनी झेंडा उतरवला, त्याची घडी घातली आणि सार्जंटच्या टेबलावर नेऊन ठेवली. परत येताना दोघांनी त्यांना जिन्यात गाठलं. मारामारी झाली. ओठ काकांचा फाटला आणि कोठडीतही काकाच गेले. तीन आठवड्यांनी एका अधिकाऱ्यानं समोर कागद ठेवला: सही कर आणि आठवड्यात घरी जा, नाहीतर कोर्ट मार्शल, त्यात काही वर्षं आत जाशील. घरी आई आजारी होती. ते एकवीस वर्षांचे होते. त्यांनी सही केली.

"वकील नव्हता सोबत?" मी विचारलं.

"होता ना. तोच म्हणाला, सही कर."

त्या एका शब्दामुळे त्यांना सरकारी मदतीवर कॉलेज करता आलं नाही, घरासाठी कर्ज मिळालं नाही, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं दार उघडलं नाही. नोकरीच्या प्रत्येक ठिकाणी लष्कराचा कागद मागायचे, म्हणून त्यांनी लष्करात होतो हे सांगणंच बंद केलं. पुढे शाळेच्या बसचं स्टिअरिंग हातात आलं ते बत्तीस वर्षांनी सुटलं. मध्ये एकदा, तिशीत असताना, शेरा बदलून मिळावा म्हणून स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला होता. दोन ओळींचं उत्तर आलं. नाही.

ते ऐकून मी त्यांना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. का सांगितली ते माहीत नाही; इथे मी ती कुणाला सांगत नाही. आजोबा मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. लढाई संपल्यावर गणवेशातच गावी आले. वेशीपाशी चार जणांनी अडवलं: बूट काढ आणि मग आत जा. आजोबांनी बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी आमच्या वस्तीत गेले. वडिलांनी मला हे आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही माझा वकिलीचा निकाल लागला त्या दिवशी.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "बाकीच्या शिपायांनाही काढायला लावले?"

"नाही."

"रंग तर तुमचा सगळ्यांचा सारखाच. मग त्यांना कळायचं कसं?"

"आडनावावरून. घर कुठल्या बाजूला आहे त्यावरून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "लोक फार मेहनत घेतात, कौन्सेलर."

आम्ही नव्यानं अर्ज करायचं ठरवलं. आधी त्यांची जुनी फाइल मागवली. ती यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी किती वेळा फोन केला याला गणती नाही. कानाला फोन लावून तीच ती होल्डवरची धून ऐकत मी घरी पोळ्या लाटल्या आहेत. फाइल आली तीही फिकी, अर्धी काळी झालेली झेरॉक्स. आरोपपत्रात लिहिलं होतं की या शिपायानं दुसऱ्याच्या मालकीचा झेंडा फाडून नष्ट केला आणि वरिष्ठावर हात उगारला.

काका ते वाचून रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "फाडला? माझी आई लॉन्ड्रीत कामाला होती. लहानपणापासून मी तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घातल्यात. मी त्या झेंड्याची घडी घातली होती. चारी कोपरे जुळवून."

मी तसंच लिहिलं. त्यांची हकिकत, पदक, बत्तीस वर्षांच्या नोकरीचं शाळेचं पत्र, त्यांच्या चर्चच्या पाद्र्यांचं पत्र, सगळं जोडलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदाराच्या स्वतःच्या कथनापलीकडे पुरावा नाही, सबब अर्ज नामंजूर.

ते पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे एक जुनी लाकडी बैठी बंगली. तिथे एके काळी काळ्या लोकांची अख्खी वाडी होती. आता तीन घरं उरली होती आणि तिन्ही बाजूंनी डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती. त्यांची घरघर दिवसभर चालू असते. तिथे बसलं की मला माझ्या नवऱ्याचं ऑफिस ऐकू यायचं. काकांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. उठून त्यांनी दोन कप कॉफी केली आणि आम्ही ती नुसती पीत बसलो.

त्याच सुमारास मराठी मंडळाच्या गणपतीत एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तू म्हणे ड्राइव्ह करून त्या माणसाच्या घरी जातेस? एकटी? सेफ आहे का तिकडे? त्या लोकांचं काही सांगता येत नाही बाई."

"कुठल्या लोकांचं, काकू?"

"म्हणजे... तुला कळतंय ना."

मला कळत होतं. "त्या लोकांचं" हे मी मराठीत लहानपणापासून ऐकत आले आहे, फक्त तेव्हा ते आमच्याबद्दल असायचं. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. माझं आडनाव त्यांना अजून नीट लागलेलं नव्हतं. मी मोदकाचं ताट उचलून पुढे गेले. घरी येताना गाडीत माझ्या शाळकरी लेकीनं विचारलं, "आई, व्हाय आर यू सो क्वाएट?" मी म्हटलं, दमलेय. ते खोटं नव्हतं.

खरं तर मी तिथेच सोडून द्यायच्या बेतात होते. माझं वर्क परमिट तोवर एकदा येऊन, मुदत संपून, परत रांगेत गेलं होतं. नवरा म्हणायचा, "स्वतःच्या फॉर्मकडे बघ जरा." पण एका दुपारी ती फिकी फाइल परत चाळताना एक गोष्ट दिसली. काकांनी ज्या कागदावर सही केली होती त्याच्या तळाशी साक्षीदार म्हणून कंपनीच्या कारकुनाची सही होती आणि खाली त्याचं नाव टाइप केलेलं होतं. त्याच नावाची आद्याक्षरं आरोपपत्राच्या कोपऱ्यातही होती, टंकलेखक म्हणून. आमच्या कोर्टातही कागद कुणी टाइप केला ते असंच कोपऱ्यात लिहितात. वर्षानुवर्षं ते कुणी बघत नाही.

"हा आठवतो?" मी काकांना विचारलं.

"गोरा पोरगा होता. चष्मेवाला. कधी बोलला नाही माझ्याशी. वाईटही नाही, चांगलंही नाही."

त्या तुकडीच्या जुन्या शिपायांचं इंटरनेटवर एक पान होतं. तिथे मी निरोप टाकला. दोन महिने काही नाही. मग ओहायोतून लायब्ररीत फोन आला. एका बाईचा. तो निरोप तिच्या वडिलांसाठी होता, त्यांना बोलायचं होतं. दिवस ठरला. लायब्ररीच्या छोट्या खोलीत काका आणि मी फोन मध्ये ठेवून बसलो. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, नळीतून ओढल्यासारखा.

"मला तू आठवतोस," तो माणूस म्हणाला. "तो कागद मी टाइप केला होता."

काका फोनकडे बघत होते. मीच विचारलं, "त्यात झेंडा फाडला असं लिहिलंय. तुम्ही तो पाहिला होता का?"

"पाहिला ना. सार्जंटच्या टेबलावर होता, घडी घातलेला. फाटलेला कसला! मला चांगलं आठवतं, कारण नंतर मलाच तो परत टांगायला सांगितला. फाटका झेंडा परत कसा टांगणार?"

"मग तसं टाइप का केलंत?"

"सार्जंटनं सांगितलं तसं केलं. हा खोलीत यायच्या आधीच सगळं टाइप होऊन पडलं होतं."

काका पुढे वाकले. "टांगलास?"

"काय?"

"झेंडा. परत टांगलास?"

"हो."

"हे लिहून देशील?"

"देतो. माझा हात कापतो आता. मुलगी लिहील, सही मी करीन."

फोन बंद झाला. मी आनंदानं काकांकडे बघितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पुरावा मिळाला होता. त्यांचा चेहरा मात्र दगडासारखा झाला होता. "त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तो रोज उठला, जेवला, झोपला, आणि त्याला माहीत होतं." टोपी घेऊन ते निघून गेले. दोन मंगळवार आलेच नाहीत.

तिसऱ्या मंगळवारी आले तेव्हा ओहायोचं पत्र येऊन पडलं होतं. रीतसर शपथेवर केलेलं, दोन पानांचं. खाली सही कापऱ्या हाताची, पण फाइलमधल्या सहीशी जुळणारी. काकांनी ते वाचलं आणि माझ्याकडे परत दिलं. "अर्जाला लावा," म्हणाले.

आता परत अर्ज करायचा तर समोरासमोर सुनावणी मागायची होती, आणि तिथे मला बोलता येणार नव्हतं. कुणीतरी जाणकार हवं होतं. मी विचारलं, "तुमची मुलगी?"

त्यांची एकुलती मुलगी बावीस वर्षं लष्करात होती. अधिकारी म्हणून निवृत्त होऊन आता जॉर्जियात राहत होती. तिचा गणवेशातला फोटो त्यांच्या टीव्हीवर होता. पण ती भरती झाली तेव्हा तिनं बापाचा कागद बघायला मागितला होता, आणि यांनी सांगितलं होतं की तळघरात पाणी शिरलं त्यात तो गेला. ती अधिकारी झाली त्या समारंभालाही हे गेले नाहीत. बस चालवायची आहे म्हणाले. तिथे गेलं तर कुणीतरी विचारणार, तुम्ही कुठल्या तुकडीत होता?

"तिला सांगावं लागेल," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

त्यांनी फोन केला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. त्यांनीच थांबायला सांगितलं होतं. उभ्यानं, फ्रिजला हात टेकवून, त्यांनी सगळं सांगितलं. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मला वाटलं ती रडत असेल. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोनं सांगितलं होतं तिला. म्हणाली, बाप म्हणतो कागद भिजला, परत विचारू नकोस. आणि तिनं परत विचारलं नाही." ते हसायला लागले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "या घरात तिघंजण एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

मुलगी पुढच्याच आठवड्यात आली. पन्नाशीची, बापाइतकीच उंच, कमी बोलणारी. तिनं माझी फाइल दोन तास वाचली, पेन्सिलनं खुणा केल्या आणि म्हणाली, "तुम्ही हे फुकट केलंत?" मी म्हटलं, मला पगार घ्यायची परवानगी नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. "म्हणजे तुम्हालाही थांबवून ठेवलंय," असं म्हणून ती परत वाचायला लागली. तेवढंच. पण मला बरं वाटलं.

सुनावणीला आणखी आठ महिने लागले. ती व्हिडिओवर झाली, त्याच छोट्या खोलीत. स्क्रीनवर तीन जण. काकांनी कोट घातला होता, मुलगी शेजारी बसली होती. मी काचेच्या बाहेर होते. दार तिनं मुद्दाम किलकिलं ठेवलं होतं. ओहायोचं पत्र वाचलं गेलं. मग तिघांतल्या एका बाईंनी विचारलं, अगदी सभ्यपणे, "तरुणपणीचा तुमचा पहिला अर्ज नामंजूर झाल्यावर तुम्ही इतकी वर्षं का थांबलात?"

मुलगी उत्तर देणार होती. काकांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मॅडम, मी थांबलो नव्हतो," ते म्हणाले. "मी शाळेची बस चालवत होतो. मुलगी वाढवत होतो. तिला तुम्ही बावीस वर्षं ठेवून घेतलीत."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

निकालाचं पत्र तीन महिन्यांनी आलं. मुलगी जॉर्जियाला परतली होती. काकांनी पाकीट न फोडता लायब्ररीत आणलं. मी वाचलं. अर्ज अंशतः मंजूर. नकोसा हा शब्द रद्द. त्याऐवजी: जनरल, म्हणजे सर्वसाधारण, सन्माननीय परिस्थितीत.

"म्हणजे सन्माननीय?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याच्या एक पायरी खाली." मी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "दवाखाना मिळेल. लष्करी स्मशानभूमीत जागा मिळेल. पण नुसतं सन्माननीय म्हणत नाहीत. मारामारी झाली ती झालीच, असं त्यांचं म्हणणं आहे."

"परिस्थिती सन्माननीय," ते सावकाश म्हणाले. "माणूस नाही."

मुलीला फोनवर संताप आला. ती म्हणाली, अपील करायचं, लगेच, उद्याच. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाळा, मी दमलोय. तुझ्या आईला दाखवायला हवा होता हा कागद, तिला हाही चालला असता."

एप्रिलमध्ये मुलगी परत आली आणि आम्ही तिघं पहिल्यांदा माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. गाडी मी चालवली. काकांच्या खांद्यात अजून धातूचे तुकडे होते; थंडीत हात वर जायचा नाही. आजवर ते त्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण कसं झालं म्हणून डॉक्टर विचारणार. नोंदणीच्या खिडकीतल्या कर्मचारी बाईनं नवं कार्ड मशीनमध्ये घातलं, काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "तुमच्या सेवेबद्दल धन्यवाद. तिकडे बसा."

आम्ही तिकडे बसलो. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर त्यांच्याच वयाची माणसं होती, बरीचशी काळी, कुणी काठीवाले, कुणी व्हीलचेअरवर. एकानं काकांना विचारलं, "कुठे होतास?"

मी बघत होते. मुलगीही बघत होती. काकांनी घसा साफ केला आणि सांगितलं. तुकडी, जागा, पाठीवरचा रेडिओ. तो माणूस म्हणाला, "रेडिओवाले अँटेनामुळे लांबून दिसायचे. मला वाटायचं, तुमच्यातलं कुणी वाचलंच नसेल." काका म्हणाले, "फारसे नाहीत." मग दोघं त्या देशातल्या चिखलाबद्दल बोलत राहिले. पाऊण तासानं नंबर लागला. आत त्यांनी शर्ट काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या व्रणावर बोट फिरवून विचारलं, हे कधीचं? आणि त्यांनी सांगितलं.

मुलीनं अपिलाचे कागद तयार करून ठेवले आहेत. माझंही नवं परमिट आलं. मी आता एका कायदा सल्ला केंद्रात मदतनीस म्हणून अर्धवेळ जाते, मंगळवार सोडून. मंगळवारी अजून लायब्ररीत असते. काका येतात, वर्तमानपत्र वाचतात. अपिलाचा विषय मी काढला की म्हणतात, "सही करतो, कौन्सेलर. पुढच्या महिन्यात." मी तारीख विचारत नाही. मागच्या आठवड्यात ते खुर्चीतच झोपून गेले. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली तरी त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी दिवे तेवढे अर्धे मालवले आणि बसून राहिले.